आधी आत्या, मग नवरी

अवसरी बुद्रुकच्या धर्माजी हिंग्यांची थोरली बहीण तेरा वर्षं माहेरी आली नव्हती. शेताच्या बांधावरून भांडण नव्हतं, दागिन्यांवरून नव्हतं, जावयाच्या मानपानावरूनही नव्हतं. भांडण होतं लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटवरून. ऐकणाऱ्याला हसू येतं. खुशाल हसा, फक्त बायडाबाईंच्या तोंडावर हसू नका.

झालं असं की शहाण्णव साली धर्माजींच्या थोरल्या मुलीचं, सिंधूचं, लग्न दारात मांडव घालून झालं. जुन्नरहून दिलावर व्हिडिओवाला खांद्यावर भला मोठा कॅमेरा घेऊन आला होता. त्याच्यामागे दिवा धरणारा, दिव्यामागे वायर सांभाळणारा. बायडाबाई आठवडाभर आधीच शिनोलीहून आलेल्या. हळद दळण्यापासून शेवटची पंगत उठेपर्यंत त्या बाईने बूड टेकलं नाही. महिन्याने कॅसेट आली. सगळं घर टीव्हीपुढे बसलं, बायडाबाई नवं लुगडं नेसून सगळ्यांत पुढे. तीन तास कॅसेट चालली. नवरदेवाचे बूट दिसले, बँडवाल्याची पिपाणी दिसली, शेजारची शेळी दोनदा दिसली. बायडाबाई कुठेच नव्हत्या. बुंदी वाढणारा हिरव्या बांगड्यांचा एक हात तेवढा दिसला, आणि तो त्यांचा असावा असं बहुमत पडलं.

"शेळी हाय, आन् मी न्हाई," बायडाबाई म्हणाल्या. पिशवी उचलली आणि शिनोलीची वाट धरली.

धर्माजी तरी कुठले सरळ! "कॅसेट काय मी काढली व्हय? येईल तिची ती," म्हणून बसून राहिले. ते गेले नाहीत, त्या आल्या नाहीत. मधल्या काळात दोघांनाही नातवंडं झाली, दोघांचेही दात पडले.

धाकटी वृषाली त्या वेळी शाळेत होती. आत्या तिची फार लाडकी, आणि त्या दिवशी आत्या पाठमोरी चालत गेली ते तिच्या मनाला फार लागलं. पुढे ती पुण्यात जाऊन कॅमेरा शिकली. मुलगी असून कॅमेऱ्याकडे कशी वळलीस, असं कुणी विचारलं की ती प्रकाश, चौकट वगैरे मोठमोठं काही सांगते. खरं कारण सांगायला तिला लाज वाटते.

दोन हजार नऊच्या डिसेंबरात तिला पहिला स्वतःचा सिनेमा मिळाला. त्याआधी तीन वर्षं ती दुसऱ्यांच्या लेन्सा पुसत होती. सिनेमा तिच्याच कॉलेजातल्या सुदर्शनचा. छोटासाच, पण डोक्यात मोठा. त्यात गावाकडच्या लग्नाची एक पंगत होती, दीडशे माणसांची, आणि सुदर्शनला ती एकाच सलग शॉटमध्ये हवी होती. पुढे जेवायला बसलेली नवरी, तिच्यामागे लांबच लांब पंगत. वृषाली म्हणाली, "आमच्या अवसरीत चल. माणसं फुकट, मांडव फुकट, बुंदी आपली."

प्रश्न राहिला कॅमेऱ्याचा. समोर दोन होते, आणि गंमत अशी की दिसायला मोठा तो आतून लहान, आणि दिसायला लहान तो आतून मोठा. मोठा होता दिलावरभाईंचा. ते आता केस पिकलेले, पण धंदा तोच. त्यांच्या खांद्यावरच्या धिप्पाड कॅमेऱ्यात चित्र पकडणारी चिप होती ज्वारीच्या दाण्याएवढी. दुसरा सुदर्शनने पुण्याहून आणलेला, नुकताच निघालेला, फोटोच्या कॅमेऱ्यासारखा दिसणारा. त्यातली चिप काडेपेटीपेक्षा थोडीच लहान. चिप मोठी की चित्र सिनेमासारखं येतं: माणसाचा चेहरा लख्ख आणि मागचं सगळं लोण्यासारखं मऊ, धूसर. दाण्याएवढ्या चिपवर पुढचं, मागचं, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं सारखंच स्वच्छ उमटतं. सुदर्शनला त्याचाच राग. "लग्नाची कॅसेट वाटते," तो म्हणायचा, आणि वृषाली लेन्स पुसायला लागायची.

गावाचा कौल मात्र पहिल्याच दिवशी लागला. "ह्यो फोटूचा डबा," गेणभाऊ डेकोरेटर म्हणाले. मांडव त्यांचाच होता, त्यामुळे बोलायचा हक्कही त्यांचाच. "ह्याच्यात पिच्चर कसा मावंल? दिलावरभाईचा बघा, निस्ता खांद्यावं घेतला तरी माणूस सावरून बसतं."

वृषालीने वडिलांना अंगणात बसवलं आणि दोन्ही कॅमेऱ्यांनी एकेक मिनिट टिपलं. मग टीव्हीला वायर जोडून दाखवलं. दिलावरभाईंचं चित्र आलं: धर्माजी, मागे म्हैस, म्हशीमागे आई, आईमागे आळीतली माणसं, सगळी ठसठशीत. लोक खूश. मग दुसरं आलं. टीव्हीवर फक्त धर्माजी. गालावरची एकेक सुरकुती, डोळ्यांतलं पाणी, पांढऱ्या मिशीतला एक काळा केस. वृषालीला भरून आलं. इतकी वर्षं ज्या चेहऱ्यासमोर बसून जेवली तो तिने पहिल्यांदाच पाहिल्यासारखं तिला वाटलं. ह्याच कॅमेऱ्यावर पहिला सिनेमा करायचा, तिने मनाशी ठरवून टाकलं.

मागून गेणभाऊ ओरडले, "आन् आमी कुठं गेलो? ह्यो मागं धूर कसला सोडलाय?"

"धूर नाही काका, तसंच दिसतं ते. पुढच्या माणसाकडे लक्ष जावं म्हणून."

"म्हंजी मागं बसल्याली माणसं न्हाईत व्हय?" गेणभाऊंनी पटका काढून मांडीवर ठेवला. हे लक्षण बरं नव्हतं. "वृषाली, तुझ्या पंगतीला गाव बसंल. उपाशी बस म्हटली तरी बसंल. पन धुरात बसनार न्हाई. सांग तुझ्या पावण्याला."

आणि गाव तर ती पंगत खरीच समजायला लागलं होतं. सिनेमातलं लग्न आहे हे सगळ्यांना तोंडपाठ होतं, पण लग्न म्हटलं की हात आपोआप चालतात. समृद्धी नावाची पुण्याची मुलगी नवरीचं काम करत होती. ती पाय ठेवेल तिथे बायका तिची ओटी भरत. दोन दिवसांत तिच्याकडे खणांचा गठ्ठा जमला. नवरदेवाचं गाव कोणतं, असं तिला इतक्यांनी विचारलं की शेवटी ती "चाकण" म्हणून सांगायला लागली. भाऊकीतल्या बायकांनी तर आवतणाचा मुद्दाच काढला. घरोघर अक्षता गेल्याशिवाय पंगतीला कुणी येत असतं का? अक्षता निघाल्या. आणि मग धर्माजींच्या चुलतभावजयीने सगळ्यांसमोर विचारलं, "आन् शिनोलीला कोन जानार? दारात मांडव पडला आन् आत्याला आवतान न्हाई?"

सगळे धर्माजींकडे बघत होते.

"खोटं लगीन हाय ते," ते शेवटी म्हणाले.

"मंग खोटं आवतान द्या," वृषालीची आई म्हणाली. "खऱ्याला लाज वाटती ना, खोट्याला कशापायी वाटावी?"

हे धर्माजींना पटलं. खरं म्हणजे त्यांना तेरा वर्षं असलंच काहीतरी निमित्त हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते वृषालीला घेऊन जीपने निघाले, मंचर, घोडेगाव मागे टाकून शिनोलीला उतरले, आणि घराजवळ येताच धर्माजी वृषालीच्या मागे झाले. बायडाबाई अंगणात भुईमुगाच्या शेंगा वाळत घालत होत्या. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"आवतान हाय आक्का," धर्माजी एका दमात म्हणाले. "लगीन खोटं हाय. पन पंगत खरी हाय."

बायडाबाईंनी अक्षता घेतल्या. वृषालीच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तिने इतकी वर्षं जमवलेलं रडू तिथेच सांडलं. आत्याही रडली. धर्माजी शेंगांकडे बघत उभे राहिले.

"शूटिंग कोन करतंय?" डोळे पुसून बायडाबाईंनी पहिला प्रश्न हा विचारला.

"मी, आत्या."

"मंग येते. पन सांगून ठिवते. मी नवरीच्या मांडीला मांडी लावून बसायची न्हाई, तसली हौस न्हाई मला. आत्याची जागा पंगतीच्या टोकाला. समदी जेवून उठंपर्यंत ती वाढती. मी तिथंच आसनार. आन् तिथंच दिसले पायजे." त्या थांबल्या. "ह्या बारीला न्हाई दिसले ना, तर मंग तू बी मला इसर."

परतीच्या जीपमध्ये वृषालीचं तोंड सुकलं. पंगतीचं टोक म्हणजे नवरीपासून पन्नास फुटांवर. मोठ्या चिपच्या कॅमेऱ्यात तिथे आत्या म्हणजे नुसता हिरवा डाग. दिलावरभाईंचा कॅमेरा घ्यावा तर आत्या दिसेल, पण पहिल्या सिनेमातला सगळ्यांत मोठा शॉट लग्नाच्या कॅसेटसारखा सपाट. एक तिसरी वाट होती. लेन्समध्ये एक भोक असतं, आपल्या डोळ्याच्या बाहुलीसारखं. ते बारीक केलं की मोठ्या चिपवरसुद्धा लांबचं स्वच्छ येतं. पण भोक बारीक केलं की उजेड कमी शिरतो, आणि गेणभाऊंचा मांडव म्हणजे जाड लाल-पिवळं कापड. दिव्यांचं भाडं सुदर्शनला झेपणारं नव्हतं. होते ते दोन दिवे नवरीलाच पुरत नव्हते.

घरी आल्यावर तिने सुदर्शनला सगळं सांगितलं. कॅसेटचं, शेळीचं, अटीचं. तो हसला नाही, एवढं त्याचं चांगलं. पण म्हणाला, "वृषाली, तुझ्या आत्यासाठी मी माझी फ्रेम मोडू?"

"फ्रेम मोडत नाही. भरते आहे," ती तडकली. "दीडशे माणसं बोलावलीस आणि एकाचंही तोंड दाखवणार नसशील तर पंगत कशाला? पडद्यावर रंग फासून ठेव की मागे!"

त्याने वर मांडवाच्या कापडाकडे पाहिलं. मग म्हणाला, "उजेड कुठून आणशील?"

उजेड कमी पडतोय म्हणून मागचे दिसत नाहीत, एवढीच बातमी वृषालीच्या आईने विहिरीवर सांगितली. ती गावात अशी पसरली की पंगतीच्या दिवशी सकाळी लोक आपापला उजेड घेऊन आले. गेणभाऊंनी गोठ्यासाठी आणलेले कोरे पत्रे बैलगाडीतून आणले. शिवाय मांडवाची दक्षिणेकडची कनात स्वतःच्या हाताने गुंडाळली आणि म्हणाले, "आता सूर्यनारायनाला काय कनात अडवती व्हय?" कुणी कपाटाचा आरसा दारासकट उचकटून आणला. बायकांनी पराती चिंचेने घासून आणल्या. शाळेतून थर्माकोलचे फलक आले. त्यांच्या मागच्या बाजूला स्वच्छतेचे फायदे लिहिलेले होते. ऊन तिरपं होतं, थंडीतलं, भरपूर. पत्रे तिरके धरले आणि मांडवात असा लखलखाट झाला की समृद्धी डोळ्यांवर हात घेऊन ओरडली. वृषालीने भोक बारीक केलं, अजून बारीक केलं. स्क्रीनवर पंगतीच्या टोकापर्यंत एकेक पत्रावळ मोजता येत होती. तिने आनंदाने सुदर्शनच्या पाठीत धपाटा घातला.

दिलावरभाई खांद्यावर आपला कॅमेरा घेऊन कोपऱ्यात उभे होते. "माझं काय काम नाय, ठावं हाय मला. पन सवय हाय राव, पंगत दिसली का हात शिवशिवतो. मी आपलं समद्याचं शूटिंग घेतो, बाजूनं." मग वृषालीजवळ येऊन हळूच म्हणाले, "बेटा, तुमच्या घरच्या लग्नानंतर मी धंद्याचा कायदाच केला. कुठंबी गेलो तरी पहिला इचारतो, आत्या कोन? आधी आत्या, मंग नवरी."

बायडाबाई आल्या. नवं हिरवं लुगडं, हातात बुंदीची परात. कुणाशी फार न बोलता आपल्या जागी, टोकाला उभ्या राहिल्या. धर्माजी पहिल्या रांगेत बसले होते. सिनेमात ते नवरीचे काका होते, आणि त्यासाठी खास मंचरहून भगवा फेटा बांधून आले होते. सकाळपासून आरशात दहादा पाहून झालं होतं.

सगळं तयार. आणि मग जे व्हायचं तेच झालं. पत्रे धरणारे ते शेवटी गावचेच. पत्रा धरला तर चित्रात दिसत नाही, हे एकेकाच्या लक्षात यायला लागलं. एकाने आरसा खांबाला टेकवून पंगतीत जागा धरली. दुसऱ्याला तहान लागली. "ए, मी दिसतोय का?" म्हणत तिसरा थर्माकोलसकट चौकटीत शिरला. वृषालीने बाकीच्यांना जागेवर बसवलं, ओरडली, हात जोडले. पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला तर पंगतीचं टोक काळं. आत्या अंधारात उभी. शेवटचा पत्रा जमिनीवर आडवा पडला होता, आणि धरणारे दोघंही शेजारी शेजारी मांडी घालून बुंदीची वाट बघत होते.

"मागचा पत्रा धरा कुणीतरी!" ती ओरडली. "नुसता टेकवून चालणार नाही. आत्या वाढत पुढे येईल, तिच्या तोंडावर उजेड धरून सरकायचंय!"

दीडशे माणसांनी ऐकलं आणि दीडशे माणसं आपापल्या पत्रावळीकडे बघत राहिली. वृषाली रडायच्या बेतात होती. सुदर्शन म्हणाला, "ऊन सरकतंय. आता घ्यायला हवं." तिला मान हलवावी लागली.

तिने पुन्हा डोळा लावला आणि आत्या उजेडात होती. चांगल्या, मऊ, सोन्यासारख्या उजेडात. कुणी धरला हे बघायला तिला वेळ नव्हता. शॉट सुरू झाला. समृद्धीने घास उचलला, लाजली, मागे पंगत जेवत होती, हसत होती, कुणी कुणाला आग्रह करत होतं, एक म्हातारा दात नसल्याने बुंदी बोटाने चुरत होता, आणि सगळ्यांच्या मागून बायडाबाई वाढत वाढत येत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा उजेड त्यांच्याबरोबर चालत होता. एकदाही हलला नाही. तीनदा शॉट घ्यावा लागला. तिन्ही वेळा उजेड आत्याबरोबर आला.

दुपारी ओसरीवर टीव्ही मांडला. पहिला मान बायडाबाईंचा. चित्र लागलं आणि सगळी ओसरी ओरडली, जो तो स्वतःला शोधायला लागला आणि जो तो सापडला. सुदर्शन टीव्हीपासून वीतभर अंतरावर बसला होता. "हे मला सुचलंच नसतं," तो वृषालीला म्हणाला, आणि त्याच्या आवाजात एवढा प्रामाणिकपणा होता की तिने त्याला आणखी टोमणे मारायचं रद्द केलं. बायडाबाईंनी स्वतःला नीट बघून घेतलं. "पदर जरा सुटला व्हता," एवढंच म्हणाल्या, पण चेहरा असा फुलला होता की वृषालीला नाचावंसं वाटलं.

मग बायडाबाईंची मान पुढे झाली. "आन् धर्मा कुठं हाय? पयल्या रांगेत फेटा घालून बसला व्हता की."

सगळ्यांनी पुन्हा पाहिलं. पहिल्या रांगेत एक पत्रावळ रिकामी होती.

"मी काय, घरचाच," धर्माजी दाराच्या चौकटीपाशी उभे राहून पुटपुटले.

"थांबा जरा," दिलावरभाई म्हणाले आणि त्यांनी टीव्हीची वायर काढून आपल्या कॅमेऱ्याला जोडली. बाजूने घेतलेलं चित्र आलं. पंगत, कॅमेऱ्यावर वाकलेली वृषाली, खांब, आरसे, सगळं सारखंच स्वच्छ. आणि मांडवाच्या कडेला भगव्या फेट्यातले धर्माजी. डोक्यावर कोरा पत्रा दोन्ही हातांनी उचलून धरलेला, ऊन डोळ्यांत जात असल्याने तोंड वाकडं झालेलं, हात थरथरत. बहीण पुढे सरकली की तेही एक पाऊल सरकायचे. फेटा सुटून खांद्यावर आला होता.

बायडाबाई बराच वेळ बघत राहिल्या.

"हात दुखत नव्हतं व्हय रं?"

"दुखत व्हते की."

"मंग सोडला का न्हाईस?"

"सोडला आसता तर आजून तेरा वर्सं अबोला धराया लागला आसता, आक्का."

बायडाबाईंनी उठून त्याच्या पाठीत एक सणसणीत गुद्दा मारला, सुटलेला फेटा ओढून काढला आणि ओसरीच्या मधोमध त्याला खाली बसवून सगळ्यांसमोर आपल्या हाताने तो पुन्हा बांधायला घेतला.